खिंडीखालचा तंबू

झाडं संपली, वाट उघड्या दगडांवर चढली, आणि तिचं डोकं तापायला लागलं.

ती मोटार चालवायला शिकवायची. क्लच सोडताना गाडी बंद पाडणाऱ्यांना दिवसभर शेजारच्या सीटवरून 'होतं असं, पुन्हा करा' म्हणायची. तिच्या सबुरीची गल्लीभर ख्याती होती. पण आज नवऱ्यापुढे ती सबुरी आटत चालली होती.

त्याचा खाक्या ठरलेला. तरातरा पुढे जायचं, खडकावर ऐसपैस बसून बदाम खायचे, आणि ही धापा टाकत पोचली रे पोचली की सॅक चढवून म्हणायचं, "चला, निघू या!" म्हणजे विश्रांती झाली ती त्याची. हवा विरळ, तिची छाती भात्यासारखी हलत होती.

"अरे, जरा टेकू तरी दे."

"टेकलं की अंग जड होतं. तळं हे काय, खिंडीपलीकडे."

"सकाळपासून हेच सांगतोयस."

"कुरकुरत चाललं की वाट लांबते," तो हसला आणि निघालासुद्धा.

त्या हसण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिंडीखाली आडोशाला सपाट जागा होती. तंबू तिच्या पाठीवर, स्टोव्ह आणि जेवण त्याच्या. ढग काळवंडत येत होते. वाटेवरून सहज दिसेल असा तिने तंबू ठोकला. खुंट्यांवर दगड हाणताना ते घाव कोणाला बसत होते, हे सांगायला नको.

गारा सुरू झाल्यावर तो आला. चिंब भिजलेला, ओठ निळे पडलेले.

"वेड लागलंय का तुला? मला वाटलं, घसरून पडलीस कुठे!"

"कधी वाटलं? मी मागे नाही हे कळल्यावर, की गारा लागल्यावर?"

तो तळ्यावर जाऊन, फोटो काढून, निवांत बसून आला होता.

"म्हटलं, येशील हळूहळू," तो पुटपुटला.

"बाबाही हळूहळूच यायचे. दवाखान्याच्या जिन्यात ते कोसळले, तेव्हा तू वर जाऊन नंबर लावत होतास."

"अगं, नंबर गेला असता..."

"गेला असता तर गेला असता!" ती घसा फाटेस्तोवर ओरडली. "माझा बाप गेला त्या जिन्यात!"

तो गारांच्या माऱ्यात तसाच उभा राहिला. हे तिने आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"आत ये," ती शेवटी म्हणाली. "मरू नकोस. पण बोलूही नकोस."

त्याने तंबूच्या दाराशी सूप केलं. ती ते त्याच्याकडे न बघता प्याली.

सकाळी खिंड ओलांडल्यावर तळं दिसलं. हिरवंनिळं, काठाला बर्फ. सुंदर होतं, आणि त्याचाही तिला रागच आला. तिने बसकण मारली. त्याने घड्याळाकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. तो मुकाट्याने शेजारच्या दगडावर बसला.

"बाबांचं..." त्याने सुरुवात केली.

"आत्ता नको," ती म्हणाली. बूट काढून तिने पाय पाण्यात घातले. गारठा मणक्यापर्यंत चढला, तरी तिने ते बाहेर काढले नाहीत.