रुखमाचं पोतं

नव्या पाळकसाहेबांनी आल्या आल्या नियम काढला: चर्चच्या प्रत्येक कामाला एक म्हातारं आणि एक तरणं. ललिताबाईंच्या वाट्याला कापणीचा सण आला, सणासोबत खुशाल आला, आणि त्या दिवसापासून त्यांच्या डोक्याला ताप झाला.

सण तसा सोपा. नवं धान निघालं की प्रत्येक घरानं थोडं चर्चमध्ये आणायचं, वेदीपुढच्या ताडपत्रीवर एकाच राशीत ओतायचं, आणि पुढच्या रविवारी त्याच तांदळाचा भात सगळ्या मंडळीनं मिळून खायचा. खुशालला नेमकी ती रास खुपली. तो तुमसरच्या राईस मिलमध्ये कामाला. त्याचं म्हणणं, बारीक आणि ठोकळ, म्हणजे जाड, धान एकत्र भरडलं की कणी होते, आणि शिजवलं तर भात अर्धा गिच्च, अर्धा कच्चा. तेव्हा ज्यानं त्यानं आपलं धान वेगळ्या पोत्यात आणावं, पोत्यावर नाव लिहावं, आणि पाळकसाहेबांनी एकेक नाव पुकारून ते स्वीकारावं.

भाताबद्दल तो खोटं बोलत नव्हता, याचाच ललिताबाईंना जास्त राग. गेल्या वर्षीचा भात त्यांनी स्वतः ढवळला होता आणि उरलेला गाईनंही निम्मा टाकला होता. तरी त्या नाहीच म्हणाल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, आपली रीत आहे. रीत म्हणजे काही कारण नव्हे, असं खुशाल थंडपणे म्हणाला. त्या थंडपणानं तर त्यांच्या अंगाची लाही लाही झाली. बरं, बरोबरीच्यांची मदत घ्यावी, तर ते बैठकीत माना डोलावणार आणि बाहेर चपला घालताना कुरकुरणार.

खरं कारण त्यांच्या ओठांवर होतं, पण ते खुशालला कसं सांगायचं? रुखमा त्याची सख्खी आजी. नवरा गेल्यावर ती कितीतरी वर्षं टोपल्यात खाली पोचट दाणे आणि वर दोन ओंजळी भरलं धान घेऊन यायची. ती ओतायला वाकली की म्हाताऱ्या दुसरीकडे पाहायच्या. याबद्दल कधी कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि आता नातवाच्या तोंडावर आपण काढायचं?

बैठकीत कोणीच अडवलं नाही म्हणून शनिवारी खुशाल रिकाम्या पोत्यांवर नावं लिहायला बसला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"काही घरं अशी राह्यतात बाप्पा," त्या म्हणाल्या, "का त्याईचं पोतं लोकाईनं पाहू नये."

खुशालचा हात थांबला. "मले मालूम आहे आजी. ते टोपलं दारापर्यंत मीच आणत होतो डोक्यावर. हलकं लागे."

ललिताबाई त्याच्यासमोर पोत्यांच्या घडीवर टेकल्या.

"भाताचं खरंच आहे," तो म्हणाला, "पण औंदा आमचं पोतं भरलं आहे. एक डाव सर्व्याईच्या समोर माह्या आजीचं नाव घेतलं पाहिजे."

त्यांना त्याची माया आली, आणि लगेच रागही आला. मग इतके दिवस कण्यांवरून काहून भांडला हा पोरगा?

"तुह्या घरचं भरलं," त्या म्हणाल्या. "औंदा ज्याचं पोचट आहे, त्यानं कुठी जावं?"

खुशालनं हातातला पेन खाली ठेवला. मग त्यानं लिहिलेली पोती उलटी करून घडी घातली आणि एक जास्तीची ताडपत्री आणायला गेला.

रविवारी वेदीपुढे दोन राशी लागल्या, एक बारीक धानाची, एक ठोकळ. नाव कोणाचंच नाही. खुशालनं पोतं आणून ठेवलं आणि रुखमा ओतायला वाकली. तशी बायकांची पहिली रांग सवयीनं खिडकीकडे पाहू लागली. ललिताबाईही.

उपासना सुटल्यावर रुखमानं त्यांना दारातच गाठलं. तिचे डोळे भरले होते. "पुरं पोतं ओतलं न बाई, अन् एकीनंही पाह्यलं नाही."

ललिताबाईंनी कपाळावर हात मारला. या लोकांसाठी जीव किती आटवावा माणसानं? तिचा हात धरून त्यांनी तिला परत आत नेलं.

"दाखव मले. कोणतं तुहं?"

रुखमानं वाकून बारीक धानाच्या राशीतून मूठभर उचललं, तळहातावर पाहिलं आणि परत टाकलं.

"आता काय ओळखू येते," ती चिडून म्हणाली.