माईच्या हातांसाठी

आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना एका वाक्याची आहे आणि ती म्हणण्याचं काम माझं. ‘प्रभू, या अन्नासाठी आणि ते रांधणाऱ्या माईच्या हातांसाठी तुझे आभार.’ मग सगळे आमेन म्हणतात आणि पावाची टोपली फिरू लागते. चारचौघांत प्रार्थना करायची म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मुलगा लहान असताना हे वाक्य बसवून घेतलं होतं. ते मला तीस वर्षं पुरलं.

माई म्हणजे माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. तेव्हापासून स्वयंपाक सून करते. आठवड्याचे सहा दिवस ती गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसते आणि संध्याकाळी आल्याआल्या ओट्याशी उभी राहते. रविवारी शेवटचं गीत चालू असतानाच ती चर्चमधून निघते, म्हणजे आम्ही घरी पोहोचेपर्यंत ताटं मांडलेली असतात.

या चौदा महिन्यांत मी तेच वाक्य म्हणत आलो. दुःखामुळे म्हणत होतो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. डोळे मिटायचे, वाक्य म्हणायचं आणि सुटलो एकदाचा म्हणून पाव घ्यायचा, एवढंच. शब्दांकडे माझं लक्षच नव्हतं.

एका रविवारी मेव्हणी अधूनमधून येते तशी जेवायला आली. ती माईची धाकटी बहीण, निवृत्त नर्स. तिच्या नजरेतून काही सुटत नाही आणि तोंडातून काही अडत नाही. जेवणानंतर सुनेबरोबर भांडी घासायला म्हणून ती आत गेली आणि बऱ्याच वेळाने ओले हात पुसत माझ्या पुस्तकांच्या कपाटाशी आली.

“भाऊजी, छापखान्यात तुम्ही काय करायचात?”

मुद्रितं तपासायचो, मी म्हणालो. तिला ते माहीत होतंच.

“म्हणजे चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतलात. आणि घरातली चूक रोज मोठ्यानं वाचताय.”

मग तिनं सगळं सांगितलं. प्रार्थनेच्या वेळी सून कधीच टेबलाशी नसते, हे तिच्या लक्षात आलं होतं. ‘तुम्ही सुरू करा, मी आलेच,’ असं म्हणून ती आत जाते आणि आमेन झाल्यावर येते. मला वाटायचं, तिचं काहीतरी शेगडीवर असेल. मेव्हणीनं खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली, जे खरं नाही त्याला आमेन कसं म्हणू? आणि सगळ्यांनी म्हटलं आणि मी गप्प राहिले, तर बाबांना लागेल. त्यांना माईंची आठवण येत असेल. त्यापेक्षा आत थांबलेलं बरं. नवऱ्यालाही तिनं बजावून ठेवलं होतं की बाबांकडे हा विषय काढायचा नाही.

मी लगेच उठलो. आत जाऊन तिची माफी मागणार होतो. मेव्हणीनं मला बाहीला धरून बसवलं.

“तिथे नाही. चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. तुमचाच नियम ना?”

तो आठवडा वाईट गेला. मी नवी प्रार्थना लिहायला घेतली. पहिली लांबली, दुसरी चर्चमधल्या उपदेशासारखी झाली, तिसरीत आभार कमी आणि माझंच रडगाणं जास्त. तोवर रोज, बोलायचं धैर्य होईना म्हणून, मनातल्या मनात प्रार्थना करू या असं सांगून वेळ मारून नेली. मुलगा बघत राहायचा. सून तरीही आतच थांबायची. शनिवारी एक मजकूर बरा वाटला, तो खिशात ठेवला.

रविवारी मेव्हणी आली, बहुधा मला पळू न देण्यासाठी. आम्ही बसलो. सून रश्श्याचं पातेलं टेबलावर ठेवून नेहमीसारखी म्हणाली, “तुम्ही सुरू करा बाबा, मी आलेच.”

मी सुरू केलं नाही. सगळे हात जोडून वाट पाहत राहिले. शेवटी मी म्हणालो, “तू आल्याशिवाय मला सुरू करता येणार नाही.”

ती दाराशी येऊन थांबली, हातात डाव तसाच. मी कागद उघडला आणि पाहतो तर चष्मा कपाटावर राहिलेला. अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या. मग मी तिच्याकडे बघतच बोललो, डोळे मिटायचंही राहिलं.

“प्रभू, गेले चौदा महिने मी तुला चुकीचं सांगतोय. माई तुझ्याकडे आहे. तिथे तरी तिला स्वयंपाक करावा लागत नसेल अशी आशा आहे. इथला स्वयंपाक हिनं केला. दिवसभर मशीनवर बसून आल्यावर केला. मी जेवलो हिच्या हातचं आणि नाव घेतलं दुसरीचं. या अन्नासाठी आणि हिच्या हातांसाठी...”

“मला क्षमा कर,” एवढं म्हणालो. ते प्रभूला म्हणालो की तिला, मला अजून नीट सांगता येत नाही.

मग दाराशी सून हळूच म्हणाली, “आमेन.” तिच्यामागून मुलगा म्हणाला. मेव्हणी तर इतक्या जोरात म्हणाली की वॉर्डातले पेशंट जागे व्हावेत.

सून येऊन मुलाशेजारी बसली. डाव अजून तिच्या हातातच होता. मुलानं तो काढून घेतला आणि आधी तिला वाढलं.

मेव्हणीनं एक घास घेतला. “प्रार्थना चांगली झाली, भाऊजी,” ती म्हणाली. “रस्सा मात्र पार गार झालाय.”

सून उठू लागली. मी म्हणालो, बस, मी गरम करून आणतो. पातेलं घेऊन आत गेलो खरा, पण त्या शेगडीला मी जन्मात हात लावला नव्हता. काडेपेटी हातात धरून बटणांकडे बघत उभा राहिलो.

“बाबा, उजवीकडचं,” सुनेचा आवाज आला, टेबलावरूनच. “आधी काडी पेटवा, मग फिरवा. सावकाश, आम्ही थांबतो.”