आपल्या बाजूचे लोक

अमेरिकेत पोलिसांच्या हातून एक कृष्णवर्णीय माणूस मेला आणि तिथं दुकानं पेटली. तुळजापूरच्या शाळेत शिकवणाऱ्या नीरजाताईंनी फेसबुकवर लिहिलं, "राग खरा आहे, पण जाळपोळ नको."

त्यांच्याच शाळेतले शुद्धोधन सर उत्तरले, "मलाही नको ताई. पण शांतपणे मागणाऱ्यांचं कुणी ऐकलं का?"

दोघं अदबीनं वाद घालत राहिले. मग ताईंच्या बाजूचे लोक सरांची जात काढू लागले. आपली बाजू वरचढ होतेय म्हणून ताई गप्प राहिल्या. सरांनी लिहिणं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत ताई म्हणाल्या, "चुकलं माझं, सर."

"वादाचं काही न्हाय ताई. ते शिव्या देत होते, तेव्हा तुम्ही ऑनलाइन दिसत होतात."

ताईंनी त्या लोकांना पोस्टखालीच खडसावलं. तरी सरांकडं बघायला त्यांची मान वर होईना.