तांत्रिक अडचण

चष्म्याच्या दुकानात तो इतकं हळू बोलायचा की गिऱ्हाइकाला काउंटरवर वाकावं लागे. "जरा नाकावर टेकवून बघा." "डावा कान टोचतोय का?" काच घासायचं चाक गरगर फिरे, त्यावर पाण्याची बारीक धार पडे, आणि त्या घरघरीत त्याचं अर्धं वाक्य वाहून जाई. मालक म्हणायचे, "अहो, आवाज काय शेजाऱ्याकडून मागून आणलाय?" तो नुसता हसे. आवाज तो साठवत होता, रविवारसाठी.

रविवारी दुपारी छापखान्याखालच्या तळघरात तो 'गंज' नावाचा कार्यक्रम करी. रेडिओ केंद्र हौशी, छोटं, पल्ला चार गल्ल्यांचा. पूल ओलांडला की त्याच्या बोलण्याची खरखर व्हायची. पण त्या गल्ल्यांतल्या गॅरेजांमधून, शटर अर्धं ओढून, पोरंपोरी पंक वाजवत. तीन सूर, एक फाटका स्पीकर आणि पोटात पेटलेलं काहीतरी. मोठी केंद्रं त्यांना दारात उभं करत नसत. 'गंज' त्यांना आत घेऊन पाट मांडी. पोरं त्याला गंजकाका म्हणत, आणि काका म्हणताना त्यांचा आवाज जरा मऊ होई.

'गंज'चे नियम पोरांना पाढ्यांसारखे पाठ होते. गाणं कॅसेटवरच पाठवायचं. कॅसेटवर नाव घालायचं नाही, नाव सोबतच्या बंद पाकिटात. काका आधी ऐकणार नाही. तुमच्याबरोबरच पहिल्यांदा ऐकणार. लावलेलं गाणं मध्येच तोडणार नाही, त्यात कुणाच्याही सात पिढ्या उद्धरल्या असोत. संपलं की पाकीट फोडून नाव वाचायचं. आणि एकदा वाजलं ते हवेत पुन्हा नाही.

"जात्यात पडलं ते दळलंच पाहिजे," काका म्हणायचा. मग माइकला ओठ लावून गर्जायचा, "इथे आवाज खाली येत नाही!"

दर वर्षी 'गंज'च्या वाढदिवसाला तो एक गोष्ट सांगे. बायको ऑपरेशनच्या टेबलावर होती, बाहेर वादळ होतं, तरी काका माइकवर हजर! फोन खणखणत. "काका, मानलं!" काका हसे. ते हसू चार गल्ल्यांत घरोघर जाई.

त्याच्या घरातही जाई. खिडकीत रेडिओ होता आणि खिडकीशी बायको, कपड्याच्या दुकानाची फिटिंगची कामं घेऊन बसलेली. तिच्या तोंडात टाचण्या असत, त्यामुळे ती काही बोलत नसे. लेक घरात राहायची तोवर ती आईकडे बघे. मग लेक मोठी झाली, टायरच्या दुकानात कामाला लागली, आणि त्याच दुकानावरच्या खोलीत राहायला गेली. भांडण नाही, तंटा नाही. पाण्याची पातळी उतरावी तशी ती घरातून उतरत गेली. काकाला ते कळलं तेव्हा तिची चादरही कपाटात नव्हती.

त्या रविवारी तिसरी कॅसेट त्याने बुटांच्या खोक्यातून न बघता उचलली.

"काय निघतंय बघू या," तो माइकवर म्हणाला. "दगड निघो नाहीतर माणिक, इथे आवाज खाली येत नाही!"

काचेपलीकडे वायर बसला होता. वायर म्हणजे इलेक्ट्रिशियन, काकाचा जुना दोस्त. केंद्राचं सगळं यंत्र त्यानेच भंगारातून उभं केलं होतं, आणि दर सोमवारी अख्खा कार्यक्रम तोच पॉडकास्ट म्हणून इंटरनेटवर चढवी, जरी चार गल्ल्यांबाहेर तो कुणी ऐकत नसे. त्याने अंगठा वर केला. कॅसेट फिरू लागली.

बास गिटार बेसूर होती. ढोल तर पत्र्याच्या डब्यावर रागाने लाथा घालाव्यात तसा. वायर खुर्चीत नाचायला लागला. मग एक मुलगी ओरडून गाऊ लागली:

*पांढरा बोळ, पांढरी फरशी,*
*आई आत, मी दाराशी.*

पहिल्या ओळीला काकाने मान डोलावली. घरातला आवाज ओरडताना चटकन ओळखू येत नाही, आणि ही घरात कधी ओरडलीच नव्हती. घरात बाप एकतर झोपलेला असे, नाहीतर कानाला हेडफोन लावून डोळे मिटलेला. पण 'दाराशी'तल्या 'शी'ला एक बारीक शीळ होती. पुढच्या दोन दातांमधल्या फटीतून येणारी. ती फट त्याच्याच आईकडून आलेली.

*रेडिओ सिस्टरच्या टेबलावर,*
*बाबा माझा हसे शहरभर.*

काकाचा हात सरकपट्टीवर गेला, जिने आवाज वरखाली करतात तिच्यावर. वायर नाचायचा थांबला. त्यानेही ओळखलं होतं. काचेतून त्याने मान हलवली, नको, नको.

*कुणी विचारी, "पोरी, बाप गं कुठे?"*
*मी बोट दाखवी: त्या डब्यात, तिथे!*

पट्टी खाली आली. कुणी ढकलल्यासारखी नाही. सवयीनं, घरी दिवा मालवावा तशी. कॅसेट फिरतच होती, पण चार गल्ल्यांत काहीच ऐकू जात नव्हतं. ज्या हवेत कधी आवाज खाली आला नव्हता तिथे त्याचा स्वतःचा श्वास तेवढा वाजत होता.

"श्रोतेहो," तो म्हणाला. हा शब्द त्याने आयुष्यात वापरला नव्हता. "तांत्रिक अडचणीमुळे हे गाणं पुढे ऐकवता येत नाही. क्षमस्व." आणि त्याने केंद्राची धून लावली.

तीन कॅसेटी अजून होत्या. त्या त्याने लावल्या, पाकिटं फोडली, नावं वाचली. लेकीच्या कॅसेटचं पाकीट तेवढं बंदच राहिलं.

लाल दिवा विझल्यावर वायर आत आला. त्याने यंत्राच्या मागे वाकून बघितलं, पुढून बघितलं.

"कुठली अडचण रे गंज्या? दाखव. कुठली वायर सुटली?"

"जाऊ दे ना."

"तुझं तू काय करायचं ते कर. माझ्या मशीनवर का ढकललंस? एवढ्या वर्षांत शिंकलं नाही बिचारं."

"उद्या पॉडकास्टमधून तेवढा तुकडा काढून टाक."

"काही काढायचं नाही. नियम कुणाचा?"

काकाने कॅसेट काढून सदऱ्याच्या खिशात टाकली.

"आणि एक सांगू?" वायर दारातून म्हणाला. "पोरगी चांगली गाते. तुझ्यावर गेली म्हणणार होतो. पण नाही गेली."

घरी बायको खिडकीशी एका कोटाची बाही उसवत होती. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीला टोचल्या. फार सावकाश.

"झाली का दुरुस्त तुमची अडचण?"

त्याने चपला काढल्या. तिने उठून त्याच्या सदऱ्याच्या खिशातून कॅसेट काढली, जशी ती कपडे धुवायला टाकण्याआधी खिसे तपासायची. स्वयंपाकघरातल्या जुन्या टेपमध्ये घातली आणि चालू केली. गाणं तोडलं होतं त्याच्या पुढचं लागलं. ढोल थांबला होता. नुसती बास, आणि लेकीचा आवाज, आता न ओरडता:

*शुद्धीत आली, मागेना पाणी,*
*म्हणे, "आज काय लावलं त्यांनी?"*
*एकेक गाणं मी म्हणत गेले,*
*सिस्टर रागावली, थांबले नाही मेले!*

बायको दुसरी ओळ टेपबरोबरच म्हणाली. ओठांतल्या ओठांत, पुन्हा बाही उसवत.

"तुला माहीत होतं?"

"इथेच बसून रचलं तिनं. 'पाणी'ला जुळणारा शब्द अडला होता, तो मी दिला. शेवटचं 'मेले' पण माझंच. लहानपणी मी तिला चिडले की म्हणायचे."

"मग मला सांगायचंस ना."

"तुमचाच नियम ना, आधी ऐकायचं नाही? म्हणाली, आई, बघ, बाबा शेवटपर्यंत लावेल. घरात नाही बसणार, पण तिथे बसेल."

टेप संपून खट् झालं. त्याला पाणी हवं होतं, पण ते मागायची हिंमत होईना.

"तू खरंच विचारलं होतंस? आज काय लावलं म्हणून?"

तिने दोरा दाताने तोडला.

"हो, विचारलं होतं की," ती म्हणाली. "तेव्हा विचारायचे."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो टायरच्या दुकानात गेला. लेक चाक तोलायच्या यंत्रापाशी होती. चाक फिरवायची, कुठली बाजू जड ते बघायची, हलक्या बाजूला शिशाचा तुकडा ठोकायची, पुन्हा फिरवायची. तिने बापाकडे बघितलं आणि चाक थांबेपर्यंत थांबली.

"बस ना बाबा. तो टायर स्वच्छ आहे."

तो टायरवर बसला. खुर्चीपेक्षा फार खाली. तिच्याकडे वर मान करून बघावं लागत होतं.

"पुढच्या रविवारी पूर्ण लावतो," तो म्हणाला. "अगदी पहिल्यापासून."

"एकदा वाजलं ते पुन्हा नाही ना?"

"मोडतो नियम."

"एक मोडलास की काल. आता दुसरा?"

"अगं, मी ऐकलं पुढचं. मला काय माहीत, पुढे ते... आईचं कडवं..."

लेकीने हातातला शिशाचा तुकडा खाली ठेवला.

"म्हणजे पुढचं गोड निघालं म्हणून लावणार?"

तो चष्म्याच्या दुकानातल्या आवाजात काहीतरी म्हणाला. बाहेर हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. तिला ते ऐकू गेलं नाही, आणि तिने वाकून विचारलंही नाही.

"बाबा, मी तिथे फरशीवर बसले होते ना, तेव्हा मला तुझा राग नव्हता आलेला. मला वाटायचं, तू एवढं मोठ्यानं हसतोयस म्हणजे आई बरी होणार. नाहीतर कशाला हसला असतास? राग नंतर आला. तू दर वर्षी ती गोष्ट सांगायला लागलास तेव्हा. त्यात मी नसायचेच." तिने हात पुढे केला. "कॅसेट दे."

"राहू दे ना माझ्याकडे."

"एकच प्रत आहे. आणि आमच्याकडे कॅसेटी कमी पडतात."

त्याने ती खिशातून काढून तिच्या काळ्या तळव्यावर ठेवली. ती ऊबदार झाली होती. लेकीने चाक पुन्हा यंत्रावर चढवलं.

मधल्या दिवसांत काय झालं ते त्याला वायरने सांगितलं. पोरापोरींचा 'शटर' नावाचा पॉडकास्ट होता. त्यात लेकीच्या बँडने गाणं सोडलं, पण कॅसेटवरचं नाही. रेडिओवरून टिपून घेतलेलं. पांढरा बोळ, पांढरी फरशी, आणि 'तिथे!' म्हटल्याबरोबर सगळं बंद. मग एका माणसाचा श्वास. मग, "श्रोतेहो, तांत्रिक अडचणीमुळे." तिथे गाणं संपलं. तेवढंच गाणं.

ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेलं. पुलापलीकडे गेलं, जिथे इतक्या वर्षांत त्याचा शब्द खरखर न होता पोचला नव्हता. कुठल्या कुठल्या शहरांतल्या गॅरेजांत गेलं. वायर म्हणाला, आता पोरं गाणं संपवताना ढोलावर शेवटचा घाव घालून सगळी मिळून ओरडतात: "तांत्रिक अडचण!" आणि हसून हसून लोळतात.

"वाईट वाटून घेऊ नकोस," वायर म्हणाला. "जगात नाव झालं."

शनिवारी दुकानात एक तरुण गिऱ्हाईक आलं. काकाने फ्रेम चढवली, कानामागे बोट घातलं. "डावा कान टोचतोय का?"

गिऱ्हाइकाने नव्या चष्म्यातून त्याच्याकडे बारीक बघितलं. "तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय."

'गंज' ऐकणारं कुणी इतक्या वर्षांत या काउंटरवर त्याला ओळखू शकलं नव्हतं. गर्जणारा काका आणि हा पुटपुटणारा माणूस, दोघांचं काही जुळतच नसे. पण तांत्रिक अडचणीचं ते एक वाक्य तो माइकवर दुकानातल्या आवाजात बोलला होता. हे त्याचं त्याला आत्ता कळलं.

"नाही हो," तो म्हणाला. "तुमचा गैरसमज झालाय."

रविवारी खोकं रिकामं असेल असं त्याला वाटलं होतं. रिकामं नव्हतं. लाल दिवा लागला. तोंडात गर्जायचं ते जुनं वाक्य तयार होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. त्याने ते गिळलं.

"कॅसेट लावतो," एवढंच म्हणाला.

लावली. कुणीतरी अगदी कोवळं पोरगं शाळेच्या घंटेवर चिडलं होतं. घंटा, घंटा, घंटा, एवढाच शब्द. त्याच्या बापाचं त्यात काही नव्हतं, कुणाच्याच बापाचं नव्हतं. तरी काकाने उजवा हात खुर्चीवर मांडीखाली घातला आणि सगळं वजन त्यावर टाकून बसला. काचेपलीकडून वायर बघत होता. गाणं वाईट होतं आणि लांब होतं. काका तसाच बसून राहिला.

ते संपलं. आता पाकीट फोडायचं, नाव वाचायचं. त्याने हात बाहेर काढला, तर हाताला मुंग्या आल्या होत्या, बोटं लाकडाची झाली होती. पाकीट धरता येईना. ते टेबलावर घसरत राहिलं, आणि माइकमधून कागदाची खसखस चार गल्ल्यांत जात राहिली.

फोन वाजला. वायरने जोडून दिला.

"काका," एक पोरगी म्हणाली. तिच्यामागे चारपाच जण हसू दाबत होते. "आज कशी काय नाही आली?"

"काय?" त्याने विचारलं. कुठली अडचण ते तो ओळखून होता.