मोहाखालचा लाल रंग

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि जन्माचा भित्रा आहे. धुळीला भितो, ओलाव्याला भितो. लेन्सवर बुरशी चढेल या धास्तीने पावसाळाभर माझा जीव टांगणीला लागलेला असतो. पण सगळ्यांत जास्त मी भितो लाल रंगाला. हसू नका, आधी ऐका.

दूरच्या कारखान्यातून मी गोंदियाजवळ फुलचूरला मुन्नालाल यांच्या फोटो स्टुडिओत आलो. तेव्हा काय माझा थाट! नवरीचा लाल शालू टिपावा तर मीच. "अरे भाऊ, इसका लाल देखो!" असं मुन्नालाल गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे. मग घरोघरी मोबाईल आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. पुढे स्टुडिओ बंद झाला. तिथे काम करणाऱ्या सोनिकाच्या हाती मुन्नालालनी मला सोपवलं आणि ती मला प्रतापगडाकडच्या आपल्या गावी घेऊन आली.

सोनिकालाही लाल रंगाचंच वेड. अंगणात वाळणाऱ्या मिरच्या, कोंबड्याचा तुरा, मृगाचे मखमली किडे, फाट्यावर थांबलेली एसटी, काही म्हणून तिने सोडलं नाही. तिला लहानाची मोठी केली ती धुरपताकाकीने. काकी चिडवायची, "दुसरा रंगच नाही का वं तुया डब्यात?"

मोहाच्या हंगामात दोघी सकाळीच फुलं वेचायला रानात गेल्या. मोहाची फुलं झाडाखाली गळून पडतात आणि पाचोळ्यात दिसेनाशी होतात. म्हणून आमच्याकडे लोक झाडाखालचा पाला पेटवून देतात. काकीनेही काडी ओढली.

"काकी, वारा सुटून राहिला ना," सोनिका म्हणाली.

"जरासा पाला जळते, मंग फूल दिसते. दरसाल जाळतो आम्ही. तू जा, काढ तुये फोटो."

सोनिका मला घेऊन टेकडीवर चढली. खाली पळस ऐन भरात होता. तिने पहिला फोटो काढला. त्यात पळस होता, नाल्याची पांढरी रेती होती आणि रेतीजवळ वाकलेल्या काकीचं लाल लुगडं होतं. मग सोनिका दुसऱ्या बाजूच्या फुलांचे फोटो काढत बसली. खालून धूर येत होता, पण मोहाच्या दिवसांत धुराकडे कोण बघतो? थोड्या वेळाने तिने पुन्हा त्याच उताराचा फोटो घेतला. लाल रंग दुप्पट झाला होता. "काय फुलला आहे पळस!" ती आनंदाने म्हणाली.

मित्रांनो, पळस फांदीवर फुलतो, आणि हा लाल रंग झाडांच्या बुंध्याशी होता. मला दिसत होतं, पण मला तोंड कुठे आहे? बघ ना पोरी, मोठं करून बघ, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

तिने फोटो मोठा केला. ती फुलं नव्हती, ज्वाळा होत्या.

"काकी!"

तोवर धुराने सगळा उतार गिळला होता. काकी कुठे असेल? तिने घाईघाईने मघाचा पहिला फोटो पडद्यावर आणला. माझी बॅटरी संपत आली होती, कोपऱ्यातला लाल दिवा लुकलुकत होता. अजून थोडा वेळ, एवढंच मी मागत होतो. सापडलं! लाल लुगडं, शेजारी पांढरी रेती. आग वर चढत होती आणि काकी हाकेच्या दिशेने वर आली असती, तर सरळ आगीतच शिरली असती.

"काकी, वर येऊ नको! नाल्यात उतर! नाल्यात!"

आणि माझी बॅटरी संपली.

पुढचं मला काहीच कळलं नाही. काकीने ऐकलं का? ती वाचली का? कोणी सांगायला आलं नाही. सोनिकाने मला पेटीत ठेवलं आणि पुन्हा हात लावला नाही. त्या काळोखात मला फक्त तो लाल रंग दिसायचा, दर खेपेला थोडा अजून वर चढलेला. एवढी भीती मला कधी वाटली नव्हती.

वर्ष उलटलं. एक दिवस पेटी उघडली, नवी बॅटरी बसली, आणि मी डोळा उघडला तर समोर भाजल्याचे व्रण असलेला एक हात. मी दचकलो. तो हात मला सोनिकापुढे धरत होता.

"धर वं. कायले भेतेस? मी मेलो का?"

काकी! माझी काकी! नाल्यातल्या डबक्यात लुगडं भिजवून, तेच पांघरून ती पडून राहिली होती. दोघी मला त्याच मोहाकडे घेऊन गेल्या. बुंधा अजून काळा होता. खाली पाचोळ्याचं पान नव्हतं. काकीने खराट्याने सगळं झाडून काढलं होतं. आणि वर, फांदीफांदीवर, कोवळी तांबडी-लाल पालवी.

"काढ," काकी म्हणाली.

"माझ्याच्यानं नाही होत, काकी. लाल नको."

"मी खाली उभी राहतो. आता काढ."

मित्रांनो, मोहाखालचा पाला झाडा, जाळू नका. वाऱ्याला दरसालची सवय कळत नाही. आणि माझ्यासारख्या जुन्या सोबत्याला भीतीसकट पेटीत कोंडून ठेवू नका.

सोनिकाने बटण दाबलं. तिचं बोट थरथरलं, मीही थरथरलो, आणि फोटो हलला. नुसता लाल धूसर पट्टा आणि त्याखाली काकी.

"पुसून टाकते," सोनिका म्हणाली.

काकीने पडद्यावर वाकून बराच वेळ पाहिलं.

"राहू दे वं," ती म्हणाली. "याच्यात मी आहो ना."