सूर्यघड्याळाचे बारा वाजले

मित्रांनो, मी एक जुनं सूर्यघड्याळ आहे. रोमन प्रवासी मला सोबत घेऊन समुद्र ओलांडत. साम्राज्यं बुडाली, पण आमची सावली कधी चुकली नाही. अर्थात, हे सगळं पूर्वजांचं. माझा स्वतःचा जन्म २०१२चा, पुण्यातला, आणि पहिल्या दिवसापासून माझी वेळ चुकते आहे.

गुरुनाथ हे निवृत्त चित्रकला शिक्षक. मुलगी सुनेत्रा फार्मसिस्ट म्हणून ऑकलंडला निघाली, तेव्हा पुस्तकातली चित्रं बघून त्यांनी मला पितळेत घडवलं. तळहाताएवढं. गावाचा अक्षांश लावा, महिना लावा, उन्हात टांगा. सावली तासाच्या रेघेवर पडते. प्राचीन रिवाजाप्रमाणे पाठीवर गावंही कोरली: रोम, अलेक्झांड्रिया, पुणे. शेवटी ऑकलंड, सदतीस अंश. फक्त ते विषुववृत्ताच्या खाली आहे, एवढं लक्षात घ्यायचं राहिलं.

ऑकलंडच्या पापाटोएटो उपनगरात, जिथे सुनेत्रा राहते, डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. माझ्या पितळेत मात्र तो हिवाळाच. सूर्य भराभर वर चढे आणि न्याहारीलाच माझे बारा वाजत. पुढे दिवसभर सावली रेघांबाहेर.

दर रविवारी फोन येई. "काय गं, चालतंय ना घड्याळ?"

"अगदी मिनिटाला, बाबा!" सुनेत्रा मायक्रोवेव्हवरच्या घड्याळाकडे बघत सांगे.

२०१८च्या डिसेंबरात गुरुनाथ स्वतःच आले. मला घरामागच्या लाकडी डेकवर टांगलं आणि बघतच राहिले.

"इट्स ऑल्वेज राँग, आजोबा," नात श्रिया म्हणाली.

सुनेत्राचा चहा ओतणारा हात थांबला.

गुरुनाथांनी बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. मग माझी चकती फिरवून जूनवर आणली. सावली निमूट दहाच्या रेघेवर बसली.

"महिना खोटा सांगितला की वेळ खरी सांगतं," ते म्हणाले. "सहा वर्षं मला मिनिटाला म्हणत होतीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"हं. आणि जावईबापू कामासाठी वेलिंग्टनला गेलेत म्हणालीस, तेही मिनिटालाच का?"

जावई दोन वर्षांपूर्वीच घर सोडून गेला होता. श्रिया पायातल्या रबरी जँडल्सकडे बघत बसली.

जानेवारीत ते परतले. फोन अजून येतो. "बरं आहे ना?" "बरं आहे. तुमचं?" "बरंच आहे." दोन्हीकडून खोटं, अगदी वेळेवर. माझी चौकशी आता कुणी करत नाही. ते मला जूनवर ठेवून गेले. तेव्हापासून कुणी फिरवलेलं नाही, फिरवेल असंही वाटत नाही.

मित्रांनो, इथे बोध सांगायची पद्धत आहे: खरं बोला, वस्तू जपा वगैरे. माझं मागणं एवढंच, की पोहून आल्यावर ओले टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, माझ्यावर वाळत घालू नका.

त्यांची सावली पडते.