शेवटाआधीची गाडी

आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, उभ्या जन्मात टॉकीजमध्ये एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नव्हता. लग्न होऊन साताऱ्याहून कुंडलला आल्यावर हे कळलं, तेव्हा मला हसू आवरेना.

सांगलीत दुपारचा खेळ सुटायच्या आत कुंडलची शेवटची एसटी निघायची. माझे सासरे, आबा, फौजेतून रजेवर आले की आत्यांना सिनेमाला न्यायचे आणि ऐन रंगात दंडाला धरून उठवायचे. पुढचं सगळं गाडीत स्वतःच रचून सांगायचे.

"पर रचल्यालं त्ये रचल्यालं," आत्या म्हणायच्या. "मला एकदा डोळ्यानं शेवट बघायचाय, पल्लवी."

म्हणून परवा मी आमची गाडी काढली आणि दोघांना घेऊन निघाले. सांगलीत टॉकीजच्या रस्त्याला वळले आणि आबांचा चेहराच पडला. एका टॉकीजचं मंगल कार्यालय झालेलं, दुसरीत मोबाइलची दुकानं, तिसरीच्या जागी जिम.

"हितं बाल्कनी हुती," आबा जिमकडं बोट दाखवत म्हणाले. वर काचेमागं एक गडी घामाघूम होऊन पळत होता आणि जागचा हलत नव्हता.

"ह्याची बी यष्टी चुकल्याली दिसतीया," आत्या म्हणाल्या.

नवा पडदा मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर. सरकत्या जिन्यावर आत्या पदर खोचून ऐटीत चढल्या. फौजी आबा मात्र साधा जिना शोधत बसले!

सिनेमा झकास रंगला. शेवटी हिरो आगगाडीत बसून निघाला, हिरॉइन फलाटावर धावू लागली आणि आबा ताडकन उठले. "अगं ऊठ, गाडी जाईल!"

आत्यांनी त्यांची बाही ओढली. "बसा खाली. गाडी सुनंची हाय, ती कुटं जात न्हाई."

मागची पोरं खो खो हसली. मीही हसले.

आगगाडी गेली. हिरॉइन एकटी उरली आणि पडद्यावर नावं सरकू लागली.

"संपला?" आत्यांनी विचारलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, उगीच आणलं यांना.

सांगली मागं पडली. मग आत्या म्हणाल्या, "आवं, सांगा बगू आता. फुडं काय झालं?"

आबा खुलले. "अगं, त्यो मिरजंलाच उतरला की! सायबाकडनं रजा वाढवून घितली आन् आला माघारी."

"आबा, तुमच्या सगळ्या शेवटांत हिरो घरीच येतो का हो?" मी विचारलं.

आबा खिडकीबाहेर बघू लागले. उत्तर आत्यांनी दिलं.

"सगळ्यात. त्याच्यावरच तर मी फुडल्या रजेपत्तोर कळ काढायची." बोलताना त्यांचा आवाज हलला. माझेही डोळे भरले, म्हणून मी नीट समोर बघून गाडी चालवली.

आत्या मात्र सावरून आबांकडं वळल्या. "बरं, मिरजंला उतरला. मग जेवला का न्हाई त्यो?"